उकिरड्याचा पांग
(शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)

मराठीत माणसाला उणे बोलायचे झाले की हटकून मातीची आठवण होते. आयुष्याची माती होते, केल्या कामाचे मातेरे होते, मौल्यवान वस्तू मातीमोल ठरते आणि एखाद्या शहाण्यासुरत्याच्या हातून चूक घडली, तर त्याने माती खाल्ली असे लोक म्हणतात. कुणब्याची भाषा मात्र निराळी. गावठाणाची ती पांढरी आणि पिकाची ती काळी, अशी त्याची जुनी वाटणी. आणि त्या काळीला तो आई म्हणतो. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी पांढरीतली भाषा उचलली आणि काळीतली कुणब्याकडेच राहू दिली, असे दिसते.

उकिरड्याच्या वाट्याला तर याहूनही कमी आले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा सगळा रोख माणसाच्या नशिबाकडे. खुद्द उकिरड्यात त्या बारा वर्षांत काय चालते, हे पाहण्याचे कारण म्हण वापरणाऱ्याला सहसा पडत नाही. या ग्रंथालयाच्या आरंभीच्या काळात, याच इंदूर शहरात, काही माणसांनी ते नीट पाहिले आणि बारा वर्षांचा हा पांग तीन महिन्यांत फेडून दाखविला. 'इंदूर पद्धत' हे शब्द त्यामुळे केनियातील कॉफीच्या मळ्यांपासून आसाम-सिलोनच्या चहाच्या बागांपर्यंत पोहोचले. खुद्द इंदुरात आज हे नाव उच्चारले, तर दहांतले आठ जण पोह्यांच्या एखाद्या प्रकाराची कल्पना करतील.

१९२४ साली इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' या नावाची संस्था सुरू झाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. खर्चाचा भार मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांनी उचलला. पुढे याच संस्थेचे कृषी महाविद्यालयात रूपांतर झाले. संस्थेचा मूळ उद्देश कापसाची सुधारणा हा होता. संचालक म्हणून आलेले अल्बर्ट हॉवर्ड हे मूळचे इंग्लंडातील श्रॉपशरचे, शेतकरी घराण्यातले. जन्म १८७३ चा. केंब्रिजचे शिक्षण, वेस्ट इंडीजमध्ये उसावरील बुरशीरोगांचा अभ्यास आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाची जागा, असा त्यांचा प्रवास. वेस्ट इंडीजमध्ये असतानाच त्यांना एक गोष्ट बोचू लागली होती : पिकाच्या रोगावर सल्ला द्यायचा, पण तो सल्ला पारखून पाहायला हातभर जमीन आपल्यापाशी नाही. पुसाला जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांनाच गुरू केले. पिकावर पडणारी कीड ही आपली दुसरी शिक्षिका, असेही ते सांगत. कीड पडली म्हणजे पीक कुठेतरी चुकीच्या रीतीने वाढविले गेले आहे, हा तिचा धडा.

त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या स्वतः निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि पुसा येथील गव्हाच्या प्रसिद्ध कामात त्यांचा वाटा बरोबरीचा होता. इंदूरच्या संस्थेची आखणीही दोघांनी मिळून केली. १९३० साली गॅब्रिएलबाईंचे निधन झाले आणि १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शेतातील टाकाऊ पदार्थ आणि त्यांचे ह्यूमसमध्ये रूपांतर, हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर नावे दोन आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड.

या दुसऱ्या नावापाशी थोडे थांबायला हवे. वाड हे आडनाव मराठी माणसाला परके नाही. यशवंत वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. खड्ड्यातील ढिगाचे तापमान किती चढले, ओल किती राहिली, कर्बाचे आणि नत्राचे प्रमाण आठवड्यागणिक कसे बदलले, ही सारी मोजमापे रसायनशाळेची होत. आणि त्यांच्यावाचून इंदूर पद्धत ही एक चांगली घरगुती युक्ती होऊन राहिली असती. हॉवर्ड यांनी मुखपृष्ठावर सहलेखकाला जागा दिली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे. पण सेंद्रिय शेतीचा इतिहास जसजसा लंडन-न्यूयॉर्कमध्ये लिहिला जाऊ लागला, तसतसे वाड हे नाव मागे पडत गेले आणि हॉवर्ड एकटेच 'सेंद्रिय शेतीचे जनक' झाले. परकीयांनी विसरावे, हे समजू शकते. इंदूरच्या मराठी मंडळींनीही ते विसरावे, याला काही सबब नाही.

आता ती पद्धत. माळव्यातील शेतकऱ्यापाशी शेण थोडे; त्यातलेही बरेचसे गोवऱ्या थापून चुलीत जाई. उलट पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे, उसाचे पाचट, निंदलेले गवत यांची कमतरता नसे; ते जाळून टाकण्याची चाल होती. हॉवर्ड-वाड यांनी ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल, उतरत्या कडांचे खड्डे घेतले. पऱ्हाट्या-तुराट्यांसारखा टणक माल आधी शेताच्या गाडीवाटेवर पसरून ठेवीत. बैलगाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चेचला जाई. यंत्राला पैसा नको आणि माणसाला वेगळा श्रम नको. हा चेचलेला माल गुरांच्या पायाखाली अंथरायचा, म्हणजे तो मूत्र पितो. गोठ्याची जमीनही मुद्दाम मातीची ठेवायची. मूत्राने मुरलेली ती माती काही महिन्यांनी खणून काढायची आणि खतात घालायची. मग खड्ड्यात थर : हा काडीकचरा, त्यावर मूत्रमिश्रित माती, लाकडाची राख, शेणाचा पातळ काला. आणि त्या काल्यात, नीट चाललेल्या जुन्या खड्ड्यातला, पांढरी बुरशी धरलेला थोडा भाग. मराठी गृहिणीला हे वेगळे समजावून सांगायला नको. ते विरजण आहे.

पुढच्या तीन महिन्यांत ढीग तीनदा वरखाली करायचा, ओल राखायची, हवा खेळती ठेवायची. पावसाळ्यात खड्डे तुंबतात, म्हणून तेवढ्या दिवसांत जमिनीवर ढीग रचायचे. सुरुवातीला ढीग तापतो. तापमान साठ अंशांच्या पुढे जाते आणि त्या उष्णतेत तणांचे बी व माशांच्या अळ्या मरून जातात. आरंभी कर्बाचे प्रमाण नत्राच्या तीसपट किंवा थोडे अधिक असते, ते शेवटी दहापटीवर येते. हाती येतो तो काळा, भुसभुशीत, मातीसारखा वास असलेला पदार्थ. दर्प नाही, माश्या नाहीत. यासाठी गोठ्यातले सगळे शेण लागत नाही, हा त्यातला व्यवहाराचा भाग. कारण चूल विझवून खत करा, असा उपदेश गरिबाला कोणी करू नये.

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी महात्मा गांधी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि पुढे 'हरिजन'मध्ये या खताविषयी लिहिले. भाषेच्या कामासाठी आलेला माणूस खताचे खड्डे पाहायला जातो, हे आज विलक्षण वाटते. त्यांना त्यात काही विसंगत वाटले नसावे.

हे काम खड्ड्यात नेमके करतो कोण? माणूस फक्त थर रचतो आणि ढीग परततो. काष्ठमय भागावर पहिला हात बुरशी टाकते; ढीग तापला की उष्णता सोसणारे जीवाणू पुढे येतात; निवू लागला की ॲक्टिनोमायसीट वर्गातील, दिसायला बुरशीसारखे पण जातीने जीवाणू असलेले जीव उरलेसुरले काम उरकतात. पहिल्या पावसाला मातीतून जो गंध येतो, ज्याला मराठी कवींनी मृद्गंध म्हटले, त्याचा मोठा वाटेकरी असलेले 'जिओस्मिन' हे द्रव्य याच वर्गातील स्ट्रेप्टोमायसीज जीवाणू तयार करतात. १९६५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. याच कुळातील एका जीवाणूपासून १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन वेगळे केले. वॅक्समन हे पेशाने मृदासूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ह्यूमसवर त्यांनी १९३६ साली ग्रंथ लिहिला होता. ज्या मातीला आपण मातीमोल म्हणतो, तिने क्षयाच्या रोग्यांना जीवदान दिले आहे.

सुपीक मातीच्या चिमूटभर, म्हणजे एका ग्रॅमच्या वजनात कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतील फारच थोडे प्रयोगशाळेतील बशीत वाढविता येतात. उरलेल्यांची ओळख अलीकडे त्यांच्या जनुकांवरूनच पटू लागली आहे. ही वस्ती सगळीकडे सारखी नसते. मुळाच्या भोवतालचा काही मिलिमीटरांचा पट्टा सर्वांत गजबजलेला. लोरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या पट्ट्याला नाव दिले. मराठीत मूलपरिवेश म्हणता येईल. झाड उन्हात बसून जी साखर तयार करते, तिचा मोठा वाटा मुळांवाटे या पट्ट्यात पाझरतो. वरवर पाहता हा तोटा आहे. परंतु त्या साखरेवर जे जगतात, ते झाडाचे काम करतात.

यांपैकी सर्वांत जुना परिचय द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींचा. या गाठींतून हवेतील नत्र झाडाला मिळतो, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ च्या दरम्यान सिद्ध केले आणि १८८८ मध्येच हॉलंडमधील बायरिंक यांनी गाठीतला जीवाणू वेगळा करून वाढविला. आज त्याला ऱ्हायझोबियम म्हणतात. भारतात या विषयाचा पहिला अभ्यास म्हणून ज्याचा निर्देश होतो, तो १९२० मध्ये पुसा येथील एन. व्ही. जोशी यांनी केलेला. पुन्हा एक जोशी, पुन्हा पुसा; आणि पुन्हा मराठी वाचकाला अनोळखी असलेले नाव.

गाठीचे कार्य हे निसर्गातील थोर नवलांपैकी एक आहे. हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला त्याचा उपयोग नाही. युरियाच्या कारखान्यात ही मिठी सोडविण्यासाठी चारशे-पाचशे अंश उष्णता आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब द्यावा लागतो. मुळावरील गाठीत तेच काम साध्या शेताच्या तापमानाला होते. ते करणारे नायट्रोजिनेज नावाचे विकर प्राणवायूच्या स्पर्शाने मात्र निकामी होते. जीवाणूला जगायला तर प्राणवायू हवा. हा पेच झाडाने आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनसारखेच एक द्रव्य तयार करून सोडविला आहे. ते प्राणवायू धरून ठेवते आणि मोजून मोजून देते. म्हणून जिवंत गाठ नखाने फोडली, तर आतून गुलाबी-तांबूस निघते.

दोघांची भेट कशी होते, हेही ऐकण्यासारखे आहे. सोयाबीनचे मूळ जमिनीत काही विशिष्ट द्रव्ये सोडते; ती ओळखणारा जीवाणू उलट आपले द्रव्य सोडतो; ते मुळाच्या केसाला पटले तर केस आकड्यासारखा वळतो, जीवाणूला कवेत घेतो आणि एक बोगदा तयार करून त्याला आत नेतो. खूण पटली नाही तर दार बंद. प्रत्येक जीवाणू प्रत्येक द्विदलाला चालत नाही. हरभऱ्याचा वेगळा, तुरीचा वेगळा, सोयाबीनचा आणखी वेगळा.

माळव्याच्या अर्थकारणात या शास्त्रीय तपशिलाला मोठे मोल आले. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून येथील बराच शेतकरी खरिपात रान पडीक ठेवी आणि रब्बीत गहू-हरभरा घेई. काळ्या बियांचे 'कालीतूर' हे सोयाबीन येथे पूर्वीपासून थोडेफार होते. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनच्या चाचण्या झाल्या, १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत या पिकाने माळवा अक्षरशः व्यापला. १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच स्थापन झाले. त्याचे नाव तेव्हापासून अनेकदा बदलले आहे, ठिकाण बदललेले नाही. पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, जिचे संशोधन केंद्र पुढे संस्थापक आघारकर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, तिनेही सोयाबीनचे अनेक वाण दिले. ते 'एमएसीएस' या आद्याक्षरांनी ओळखले जातात.

पाहुणे पीक आले, पण त्याचा सांगाती माळव्याच्या मातीत पुरेसा नव्हता. सोयाबीनच्या मुळाशी जमणारा ब्रॅडिऱ्हायझोबियम हा जीवाणू सोबत आणावा लागला. म्हणून बियाण्याला जीवाणू-संवर्धन चोळण्याची शिफारस झाली. गुळाच्या पाण्यात पाकिटातील काळी भुकटी कालवायची, बियाण्यावर हलक्या हाताने चोळायची, सावलीत सुकवायची आणि त्याच दिवशी पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धन शेवटी. दोन्ही एकत्र कालवणे म्हणजे पाहुण्याला एका हाताने पान वाढून दुसऱ्या हाताने विष देणे.

येथे एका लोकप्रिय समजुतीची पारख करणे आवश्यक आहे. द्विदल घेतले की जमीन सुधारते, असे सरसकट सांगितले जाते. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे जमा झालेल्या नत्राचा मोठा भाग पोत्यात भरून बाजारात जातो. मागे पालापाचोळा आणि मुळे राहिली, तरच जमिनीच्या पदरात काही पडते. भूस विकले, धसकटे जाळली, तर जमीन उलट देणेकरी होते. नत्र हवेतून आला तरी त्याचा हिशेब मातीतच चुकता करावा लागतो.

नत्राखेरीज आणखी दोन गरजा या काळ्या जमिनीत अडून बसतात. ती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. घातलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते आणि झाडासमोर असूनही मिळत नाही. काही जीवाणू मुळाशी ग्लुकोनिक आम्लासारखी आम्ले सोडून हे बंधन सैल करतात. शेतकी भाषेत त्यांना स्फुरद विरघळविणारे जीवाणू म्हणतात. जस्ताचेही तेच. इंदूरच्या सोयाबीन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मध्य भारताच्या काळ्या जमिनीतून जस्त विरघळविणारे जीवाणू निवडून, सोयाबीन व गहू या दोन्ही पिकांत त्यांच्यामुळे दाण्यातील जस्त वाढते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. या जीवाणूचे नाव बॅसिलस आर्यभट्टाय. भारतीय शास्त्रज्ञांनी बलून सोडून २० ते ४० किलोमीटर उंचीवरील हवा कुप्यांत भरून आणली, तीत ही जाती प्रथम सापडली आणि २००९ मध्ये तिला आर्यभटाचे नाव देण्यात आले. आकाशात सापडलेल्या जीवाचा भाऊबंद पुढे सोयाबीनच्या मुळाशी निघावा, असे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर समीक्षकांनी त्याला ओढूनताणून जुळविलेला योगायोग म्हटले असते.

आता रोगाचा प्रश्न. हॉवर्ड यांचे ठाम मत होते की, ह्यूमसयुक्त जमिनीत वाढलेले पीक रोगाला बळी पडत नाही. त्यावर चरणारी गुरेही पडत नाहीत. पुसाला त्यांचे बैल शेजारच्या, लाळ्या-खुरकत झालेल्या गुरांच्या तोंडाला तोंड लावीत, पण आजारी पडले नाहीत, हा अनुभव ते वारंवार सांगत. निवृत्तीनंतर, १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथात हे मत त्यांनी जवळजवळ धर्मश्रद्धेच्या थाटात मांडले. रासायनिक खतांचा त्यांनी सरसकट धिक्कार केला आणि संशोधन संस्थांवर कोरडे ओढले. १९३४ साली 'सर' झालेला हा माणूस १९४७ मध्ये निवर्तला, तोवर शास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्याची गणना हटवाद्यांत होऊ लागली होती. त्यांचा दावा प्रमाणाबाहेर होता, यात शंका नाही. उत्तम शेणखत घातलेल्या शेतातही मर रोग येतो. हरभरा पिकविणाऱ्या कोणालाही ते ठाऊक आहे. बैलांचा अनुभव हा पुरावा नव्हे.

परंतु त्यांच्या दाव्याच्या गाभ्यात काही सत्य होते, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी उकलू लागले. मुळावर वस्ती करून झाडाची वाढ साधणाऱ्या जीवाणूंचा गट १९७८ मध्ये अमेरिकेतील क्लोपर आणि श्रोथ यांनी वेगळा ओळखला. त्यांतील स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जीवाणूची तऱ्हा पाहा. लोहावाचून कोणताही जीव वाढत नाही. आणि जमिनीत लोह असले तरी विरघळलेल्या रूपात फार थोडे असते. हा जीवाणू लोह पकडणारी द्रव्ये बाहेर सोडतो, ते आपल्याकडे ओढून घेतो आणि रोगकारक बुरशी उपाशी राहते. मूठ न उगारता घातलेला हा वेढा होय. शिवाय तो बुरशीला मारक अशी प्रतिजैविकेही तयार करतो. बॅसिलस सब्टिलिस हा दुसरा जीवाणू बुरशीच्या पेशींचे आवरण फोडणारी द्रव्ये बनवितो. तिसरी तऱ्हा अधिक सूक्ष्म : मुळावर वस्तीला आलेला निरुपद्रवी जीवाणू झाडाला सावध करतो, आणि पुढे पानावर रोग आला तर झाड आधीच कंबर कसून उभे असते. १९९१ पासून याचे पुरावे मिळत गेले. गव्हाचे एक मूळकूज दुखणे तर काही देशांत विचित्र वागते. एकाच शेतात वर्षानुवर्षे गहू घेत गेले की ते आधी वाढते आणि मग आपोआप ओसरते. कारण तेवढ्या काळात त्या रोगाचे वैरी असलेले स्यूडोमोनास मातीत बळावतात. मातीला आठवण असते, असे म्हणण्याचा मोह येथे आवरणे कठीण.

माळव्यातील सोयाबीनला जमिनीतून येणाऱ्या बुरशीजन्य रोगांत मूळकूज आणि खोडकूज ही दुखणी नित्याची. ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी आणि वर सांगितलेले जीवाणू यांची बीजप्रक्रिया त्यांवर उपयोगी पडते. किती उपयोगी, हे मात्र जमीन, पाऊस आणि पाकीट या तिन्हींवर अवलंबून असते. कुंडीत सोळा आणे यश देणारा जीवाणू शेतात आठ आण्यांवर येतो. कारण तेथे आधीपासून घरोबा करून असलेल्या कोट्यवधी जीवांत त्याला जागा मिळवावी लागते. पाकिटाचे दुखणे याहून मोठे आहे. खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये जीवाणूखतांचा समावेश झाला आणि भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जीवाणू असावेत, असे बंधन आले. कारखान्यातून निघताना ते असतीलही. पण जूनमध्ये पेरणीच्या वेळी हाती येणारे पाकीट मे महिनाभर पत्र्याच्या दुकानात तापलेले असते, आणि मेलेला जीवाणू दिसायला जिवंतासारखाच असतो. शेतकऱ्याला फसवणे येथे फार सोपे आहे. आणि एकदा फसलेला शेतकरी पुन्हा पाकीट घेत नाही, तर युरियाचे एक पोते अधिक घेतो.

शिवाय पाहुणा कितीही गुणी असला, तरी त्याने खावे काय? जीवाणूंचे अन्न म्हणजे जमिनीतील सेंद्रिय कर्ब, आणि तो माळव्याच्या रानात आधीच तुटपुंजा आहे. मार्च-एप्रिलमध्ये कापणीयंत्राने गहू काढला की मागे उभी राहणारी धसकटे, ज्यांना येथे नरवाई म्हणतात, ती पेटवून देण्याची चाल बंदी असूनही चालू आहे. देवास किंवा उज्जैनच्या रस्त्याने त्या दिवसांत संध्याकाळी जाणाऱ्याला काळ्या पडलेल्या पट्ट्यांची रांग दिसते. हॉवर्ड-वाड यांनी शंभर वर्षांपूर्वी जे जळताना पाहिले आणि जे वाचविण्यासाठी खड्डे खणले, तोच हा माल. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण गोठ्यातले बैल गेले, त्यांच्याबरोबर शेण-मूत्र गेले, ढीग परतायला माणूस मिळेनासा झाला, हेही खरे. इंदूर पद्धत मनुष्यबळावर उभी होती. तेच तिचे सामर्थ्य आणि तीच तिची मर्यादा.

शहराने मात्र या पद्धतीचा धागा वेगळ्या तऱ्हेने उचलला. १९१८ मध्येच नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला सादर केलेल्या अहवालात शहरातील घाण नदीत न लोटता बागबगिच्यांच्या कामी लावावी, असा आग्रह धरला होता. १९३४ मध्ये एफ. के. जॅक्सन आणि तेच यशवंत वाड यांनी वस्तीतील केरकचरा व मैला यांची इंदूर पद्धतीने आरोग्यदायी विल्हेवाट कशी लावावी, यावर निबंध प्रसिद्ध केला. हॉवर्ड परत गेल्यावरही वाड काम करीत होते, याचा हा लेखी पुरावा. २०१७ पासून इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तेथे हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव कचऱ्यापासून इंधनवायू करतात आणि मागे खत उरते. हॉवर्ड यांना हवेविना कुजविणे नापसंत होते. वायू मिळतो पाहून त्यांचे मत बदलले असते की नाही, सांगता येत नाही. त्या खतातले किती नरवाई जळालेल्या रानांपर्यंत पोहोचते, हा प्रश्न पालिकेच्या पारितोषिकांपेक्षा महत्त्वाचा आहे.

पाकिटातला जीवाणू जिवंत होता की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, ओल असताना सोयाबीनचे रोप ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उचलावे. ओढले तर गाठी जमिनीतच तुटून राहतात. माती पाण्यात अलगद धुवावी आणि सोटमुळालगतच्या चार मोठ्या गाठी नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी निघाल्या, तर काम चालू आहे; पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या, तर झाड त्यांना फुकट पोशीत आहे. खंडवा रस्त्याला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोणाही ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून हे पाहता येते.